समुद्राकाठी रोवलेली काडी

सन दोन हजार तेवीस, माझं वय बाहत्तर. पोरगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने आम्हा दोघांना कोकणात, समुद्राकाठच्या एका खेड्यात नेलं. माडांच्या वाडीत चार खोल्या, पुढे ओसरी, ओसरीच्या पायऱ्या उतरल्या की वाळू. मालेगावहून निघताना बायकोने एकच सांगितलं होतं, समुद्राची ओटी भरायची. पूर आला की आमच्याकडे बाया नदीची ओटी भरतात, हा तर समुद्र. आमच्या वावरातले गहू तिने स्वतः निवडले. खण, नारळ, हळदकुंकू, सगळं एका पिशवीत. आणि ओटी सुनेसोबतच भरायची, हा तिचा हट्ट.

पण सुनेला फुरसत कुठे! तिच्या मोबाइलात यादी. पहाटे सायकल, मग डॉल्फिन, दुपारी किल्ला, आणि सूर्य बुडताना पाहायला एक वेगळी टेकडी. अरे, सूर्य आमच्या खळ्यावरूनही बुडताना दिसतो. आरामाला आणलं म्हणे! बैलालाही दुपारी सोडतात.

पोचलो त्याच दिवशी ओसरीसमोरूनच होडीची फेरी. होडीवाल्याने माझ्यापुढे एक नारंगी जाकीट धरलं.

"आजोबा, हे घाला."

"आठ वर्षांचा होतो तवापासून विहिरीत सूर मारतो मी. मले हे कायले?"

"नियम आहे."

"नियम तुह्या होडीत ठेव."

होडी गेली. मी काठावर राहिलो. बायकोही माझ्यापायी राहिली, आणि तोंड फुगवून बसली. रिकामं बसवत नाही, म्हणून मी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली. नाल्याला पूर आला की आम्ही हेच करतो. पाणी काडीच्या वर गेलं तर चढून राह्यलं, खाली गेलं तर उतरलं. गावात पूर आला की लोक मलाच विचारायला येतात. दिवस मावळेपर्यंत समुद्र काडी सोडून पार लांब गेला.

"पूर उतरला," मी बायकोला म्हणालो. "आता चढत नाही."

खोल्यांचा मालक पायरीवर उभा होता. "काका, भरतीची वेळ मला विचारत जा हं," तो म्हणाला.

"पाण्यातलं मले नका शिकवू," मी म्हणालो. आजवर कोणाला विचारलं नाही, आता काय विचारणार?

सकाळी पाहिलं तर पाणी तितकंच लांब. मी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली, बायकोचा हात धरला. तिचा गुडघा दुखतो, त्या ओल्या वाळूतून तिला न्यायला अर्धा तास लागला. पाण्याजवळ खुर्ची टाकून तिला बसवलं, पिशवी पायाशी ठेवली आणि सुनेला बोलवायला वर गेलो. सून सायकलीवर! पोरगाही सोबत. वाट पाहताना तो होडीवाला भेटला, आणि आमचं जाकिटाचं भांडण पुन्हा लागलं. चांगलं रंगलं होतं. तेवढ्यात मालक ओरडला, "काका, काकू!"

वळून पाहतो तर खुर्चीचे पाय पाण्यात. बायको उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, आणि पिशवी तरंगत चाललेली. मी धावलो. होडीवाला माझ्या पुढे धावला. त्याने पिशवी पकडली, मी बायकोला. तिला वर आणलं. पायरीवर बसली अन् मग सुटली.

"पूर उतरला म्हने! हळद नाही वाह्यली, कुकू नाही वाह्यलं, तशीच ओढून नेली त्यानं ओटी!"

"आली ना वापस."

"वल्ल्या गव्हाची ओटी भरतेत काय? तुमचं तोंड भरा त्यानं!"

दुकानात तांदूळ मिळत होते. पण तिला आपल्या वावरातलेच गहू पाहिजेत. मग काय, पोरगा-सून किल्ल्यावर गेले आणि मी ओसरीत धोतरावर गहू वाळत घातले. येणारे-जाणारे पाहत होते. एका पोरीने माझा फोटो काढला, जसा काही मीच किल्ला. खारी दमट हवा, गहू वाळता वाळत नव्हते. खळ्यावरच्या सवयीने मी पायाने दाणे फिरवायला गेलो.

"ओटीचे हायेत," बायको आतून ओरडली. "पाय नका लावू!"

हाताने फिरवले. कावळे हाकलले. चार वाजेपर्यंत दाणे खडखडीत झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला निघायचं होतं. आता वेळ चुकली तर बाई आयुष्यभर ऐकवणार, आणि तिला त्या वाळूतून पुन्हा चालवणं काही खरं नव्हतं. दोनदा पायरीपर्यंत गेलो, परत आलो. तिसऱ्यांदा मालकासमोर उभा राहिलो.

"उद्या पाणी कवा येते?"

तो हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. "बाराला पायरीजवळ येईल, काका. काकूंना चालवू नका. पाणीच येईल त्यांच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेची सायकल मी ओसरीच्या खांबाला बांधून टाकली. बायकोला खालच्या पायरीवर बसवलं, सुनेला तिच्या बाजूला. होडीवाल्याकडून ते नारंगी जाकीट मागून आणलं, अंगात घातलं, आणि पायरीशी आलेल्या पाण्यात उभा राहून, ओटी भरताना तोल जाऊ नये म्हणून बायकोचा कोपर धरला.