एक धंदा, एक खुर्ची

दुकान मुलाच्या हाती दिलं त्या दिवशी मी अख्ख्या मेहकरातला सगळ्यात सुखी माणूस होतो. हे सुख दुपारी दोनपर्यंत टिकलं. दोन वाजता मी घरातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवली, फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, पुन्हा मागे ढकलला, आणि डाळीचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. पुढच्या आठवडाभरात घरात इतक्या चकरा मारल्या की फरशीत पायवाट पडली. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा. वर सतरंजी टाकली आहे, ती तेवढी उचलावी लागेल.

आठव्या दिवशी बायकोने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वच्छ सांगितलं, "तीस वर्षं तुमी घरी नोह्यते तरी घर चालत होतं. आताबी चालते. बाहेर जा. कुठंबी जा. जेवाले या."

कुठे जायचं ते मला पाठ होतं. जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागे निवृत्त लोकांचं मंडळ भरतं, रोज सकाळी सात ते नऊ. एक पत्र्याची खोली, पुढे मोकळं मैदान, आणि कडुलिंबाखाली गोल मांडलेल्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगाने धंदा लिहिलेला: वकिली, दवाखाना, सोनारी, किराणा, शिक्षण, पाटबंधारे. ज्याचा जो धंदा होता, ती त्याची खुर्ची. आणि एका धंद्याला खुर्ची एकच.

हा नियम मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब यांनी केलेला. सुरुवातीला म्हणे मंडळात दोन डॉक्टर होते. एका सभासदाच्या गुडघ्यावरून त्यांचं असं जुंपलं की गुडघा बरा झाला तरी भांडण चालूच. तेव्हा वकीलसाहेबांनी ठरवलं: एक धंदा, एक खुर्ची. आणि त्याला दुसरं कलम जोडलं. ज्याच्या धंद्याचा विषय निघेल त्याचाच शब्द शेवटचा. बाकीच्यांनी चहा प्यावा. गुडघ्यावर डॉक्टर बोलणार, सोन्यावर सोनार बोलणार. तेव्हापासून मंडळात शांतता.

माझी अडचण एवढीच की मी बियाणं विकणारा, आणि 'बी-बियाणे व खते' ही खुर्ची भरलेली होती. तिच्यावर बसला होता समोरचा. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा. तीस वर्षं आमची दुकानं एकमेकांच्या तोंडावर. त्याने सहा फुटांची पाटी लावली की मी सात फुटांची लावायचो. शेवटी दोघांच्या पाट्या रस्त्यावर इतक्या पुढे आल्या की जालन्याची बस त्यांच्याखालून वाकून जायची. हा पठ्ठ्या माझ्या दोन महिने आधी निवृत्त झाला आणि सरळ जाऊन माझ्या खुर्चीवर बसला.

वकीलसाहेबांनी रजिस्टर उघडून विचारलं, "धंदा कोणता लिहू?"

परत घरी जाणं मला शक्य नव्हतं. घरी फक्त फ्रिज होता. मी म्हणालो, "पाणाड्या."

"म्हणजे?"

"तळहातावर नारळ ठेवून वावरात फिरतो. जिथं खाली पाणी असन तिथं नारळ उभा राह्यते. बियाण्याचं दुकान तं जोडधंदा होता."

समोरच्याने कपातला चहा गोल फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. तो बशी पुसत राहिला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर साहेब मात्र ताडकन उठले. सडसडीत माणूस, पिंपळगाव राजाचे, सगळ्यांच्या राम रामला जय भीम म्हणणारे, आणि तलाव-कालव्यांवर आयुष्य काढलेले. म्हणाले, "पाण्याची खुर्ची माझी आहे."

वकीलसाहेबांनी चष्मा वर केला. "तुमच्या खुर्चीवर पाटबंधारे लिहिलंय. म्हणजे जमिनीवरचं पाणी. याचं जमिनीखालचं. धंदा वेगळा."

कायद्याचा विषय, वकिलाचा शब्द शेवटचा. इंजिनियर साहेब खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे जे पाहायला सुरुवात केली, त्याने माझ्या शर्टाला दोन भोकं पडली.

खुर्ची मिळाली. चार महिने मी राजा होतो. लोणारच्या रस्त्यावर आपण असं पाणी दाखवलं की बोअरमधून जिवंत मासे उडाले, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ते मासे तळून झाले. पण बसल्या जागी माझा पाय सारखा हलायचा. समोरचा कधी तोंड उघडेल याचा भरवसा नव्हता, आणि तो उघडत नव्हता याचाच त्रास जास्त होता.

एके दिवशी मीच त्याला गेटपाशी गाठलं. "काऊन बे, सांगत काऊन नाई तू त्याइले?"

"काय सांगू?"

"मी पाणाड्या नाई म्हणून."

"माह्या खुर्चीवर बियाणं लिहिलं हाय," तो म्हणाला. "पाण्यावर मी काऊन बोलू?" आणि चप्पल ओढत गेला.

मग मार्च लागला. नळाला आठव्या दिवशी पाणी, मंडळाने लावलेली चाळीस झाडं माना टाकू लागली. बैठकीत ठरलं की मैदानात बोअर पाडायचा. जागा कोणी सांगायची? वीस माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. यात एक सर्जन होता, एक बँकेचा मॅनेजर होता, तीस वर्षं विज्ञान शिकवलेले मास्तर होते. मास्तरांनी आयुष्यभर मुलांना सांगितलं असेल की नारळाला पाण्याचं काही कळत नाही. पण खुर्चीवर लिहिलं होतं ना.

बोअरची गाडी आठवड्याने येणार होती. तो आठवडा मी झोपलो की नाही आठवत नाही. उजव्या हातावर नारळ घेऊन मैदान पालथं घातलं. नारळ कुठेच उभा राहिला नाही. राहील कसा, तो बायकोने चटणीसाठी आणलेला. पण तिसऱ्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी खोलीच्या बाजूला गेलो की इंजिनियर साहेबांच्या कपाळावर आठ्या. मैदानाच्या मधोमध गेलो की आठ्या आणि वर खोकला. आणि खालच्या अंगाला, उंबराच्या झाडाकडे सरकलो की खोकला बंद. नियमामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. कपाळावर मात्र नियम लागू नव्हता.

मग मी नारळाकडे पाहणं सोडलं आणि साहेबांकडे पाहू लागलो. उंबरापासून चार पावलं डावीकडे, खोकला. दोन पावलं मागे, आठ्या गेल्या. अजून एक पाऊल, आणि साहेबांनी नकळत मान डोलावली. मी तिथेच नारळ फोडला.

बोअरच्या गाडीला दोनशे दहा फुटांवर पाणी सापडलं. पाणी असं उडालं की उंबरावरचे कावळे तीन दिवस ओले होते, आणि बसस्टँडवर लोकांनी छत्र्या उघडल्या. सभासदांनी मला हार घातला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, दोन बोटांनी.

एवढ्यावर थांबलं असतं तर भागलं असतं. पण मेहकरातली बातमी जानेफळला पोहोचायला बाजाराचा एक दिवस पुरतो. पुढच्या सोमवारी सकाळी गेटवर एक बाई उभी. साठीच्या घरातली, हातात पिशवी, पिशवीत नारळ. म्हणाली, "भाऊ, पाणाड्ये तुमीच न? माही संत्र्याची बाग हाय जानेफळले. हिर आटून राह्यली. एकच बोअर जमन मले. तुमी बोट ठेवसान तिथं पाडतो."

मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. माशांची गोष्ट जिभेच्या टोकावर होती. ती आलीच नाही.

मी थापाड्या आहे, हे लपवत नाही. पण दुकानात तीस वर्षं सोयाबीनची एकही पिशवी मी न तपासता दिली नाही. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळायचे, चार-पाच दिवसांनी उलगडायचं, कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले की पिशव्या कंपनीला परत. गिऱ्हाइकाला गप्पा कितीही मारल्या तरी पोत्यातले कोंब मोजून सांगितले. या बाईच्या वावरात मी बोट कशाच्या जोरावर ठेवणार होतो? तिथे साहेबांचं कपाळ नव्हतं.

मावशीला पाणी पाजून बसवलं आणि इंजिनियर साहेबांना कडेला घेतलं. "साहेब, तुमी जाऊन या जानेफळले. तुमाले कळते."

"जमिनीखालचं पाणी माझा धंदा नाही," ते म्हणाले. प्रत्येक शब्द त्यांनी चार महिने धुऊन वाळवून ठेवला असावा. "ज्याची खुर्ची, त्याचा शब्द. त्या खुर्चीवर कोणी बसलेलं असेपर्यंत मी बोलणार नाही."

म्हणजे गणित सरळ होतं. बाईला पाणी पाहिजे तर माझी खुर्ची रिकामी पाहिजे. आणि खुर्ची रिकामी झाली की मी परत घरी, फ्रिजपाशी. मी मैदानाला सात फेऱ्या मारल्या. मावशी गेटजवळ बसून पाहत होती. तिला वाटलं, मी पाणी शोधतोय.

आठव्या फेरीला मी गोलात जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. पाणाड्या नाही, कधी नव्हतो, नारळ चटणीचा होता, आणि बोअरची जागा साहेबांच्या कपाळाने दाखवली. सांगताना थोडं वाढवून सांगितलं, सवय आहे. पण मूळ मुद्दा खरा होता.

बँकवाल्याने चष्मा पुसला. वकीलसाहेबांनी रजिस्टर काढलं, माझ्या नावावर रेघ मारली. "खोट्या माहितीवर घेतलेलं सभासदत्व पहिल्या दिवसापासून रद्द." कायद्याचा विषय. शब्द शेवटचा.

इंजिनियर साहेब तेवढ्यात गेटकडे निघालेही होते. मावशीला म्हणाले, "चला बाई, वावर पाहू. तो नारळ घरी ठेवा, देवाला लागेल." दोन तास उन्हात फिरून त्यांनी घराजवळची जागा नको म्हटलं आणि नाल्याकडच्या उतारावर खूण केली. पुढे तिथे बोअरला पाणी लागलं. मासे उडाले नाहीत. दीड इंच पाणी, रोज चार तास. बागेला तेवढं पुरतं.

इकडे मंडळात, नावावर रेघ पडल्यावर मी माझी पिशवी उचलली. तेव्हा समोरचा पहिल्यांदा उठला. "वकीलसाहेब, आता बियाण्याचा विषय हाय. मी बोलू?"

"बोला."

"हा गडी बियाणंवालाच होय. मले तीस वर्षं ठाऊक. माह्या दुकानात लॉट खराब निंगला तं हाच आधी येऊन सांगे, मले हिनवाले. याले घरी पाठवसान तं वहिनी माह्या दारात येऊन बसतीन. माही खुर्ची तीन वार त्याले द्या."

"आणि तुम्ही?"

"तीन वार मी. हप्त्याले सहाच वार धरा."

वकीलसाहेबांनी बराच वेळ रजिस्टर पाहिलं. एका खुर्चीला एक धंदा लिहिलेला होता, माणसं किती हे कुठे लिहिलेलं नव्हतं. "चालेल," ते म्हणाले. "रविवारचं तुमचं तुम्ही पाहा."

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. त्याच्या वारी मी घरी राहतो म्हणतो आणि साडेसातला भाजी आणायच्या निमित्ताने जिनिंगच्या कुंपणाजवळून जातो. मेहकरात तिकडे भाजी मिळत नाही. एका बुधवारी खुर्चीवरून मान वळवली तर कुंपणापलीकडे समोरचा, कानाला मोबाईल. मोबाईल उलटा धरलेला.

रविवारी जो आधी येईल त्याची खुर्ची, असं आम्ही ठरवलं, आणि तिथून घात झाला. पहिल्या रविवारी मी सव्वासातला गेलो, तो बसलेला. दुसऱ्या रविवारी सहाला गेलो, तो गेटवर. आता आम्ही दोघं कोंबडं आरवायच्या आधी बंद गेटबाहेर उभे असतो. चौकीदार सात वाजता कुलूप काढतो. दोन-दोन तास उभ्याने काय करायचं, म्हणून भांडतो; मुख्यतः सोयाबीनच्या जातींवरून.

गेल्या रविवारी मी त्याच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो होतो. तो आला, दम खात म्हणाला, "बस बे तूच आज. माही कंबर दुखून राह्यली, उभाच बरा हाय मी."

"मले नाई बसायचं. तू बस."

"तुहा नंबर हाय."

"मंग मी देतो तुले."

हे चालूच होतं. गेट उघडलं, सगळे आत गेले, चहा आला, आम्ही दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभेच. वकीलसाहेबांनी दहा मिनिटं आमच्याकडे पाहिलं, आणि मग उठून आपली भाजीची पिशवी त्या खुर्चीवर ठेवून दिली.