हाकेवाल्यांची वाट

अर्ज कन्नडात लिहावा, पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याने मान हलवल्याखेरीज त्याची सही घेऊ नये, असा माझ्या उस्तादांचा दंडक होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि हुलसूरच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसून मी हा दंडक वीस-बावीस वर्षे पाळीत आलो आहे, आणि माझ्या मसुद्याला तालुक्यात वजन आहे हे कोणीही सांगेल. या दंडकाने एकदा मला मोठ्या चुकीतून वाचवले. त्याच निमित्ताने एका राजघराण्याविषयीचे माझे लहानपणापासूनचे कुतूहलही फिटले, ते येथे नमूद करतो.

आमच्या गावापासून तीन कोसांवर, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकून, हैदराबादच्या एका नवाबी घराण्याची बाग आहे. बाग म्हणायचे ते आता केवळ सवयीने. आंब्याची काही म्हातारी झाडे, शिकारीला येणाऱ्यांसाठी बांधलेली घुमटाची कोठी, तिच्यामागे एक लांबट दालन आणि भोवती पडकी भिंत, एवढेच उरले आहे. त्या दालनात गुडघ्याइतक्या उंचीवर लोखंडी कड्या ओळीने बसवलेल्या आहेत. कोणी म्हणे, येथे सारा न देणारी रयत बांधून ठेवीत. कोणी म्हणे, नवाबाचे चित्ते. जनानखान्याचे पडदे ताणून बांधण्यासाठी त्या असाव्यात, असे माझे स्वतःचे मत होते आणि ते मी पुष्कळांना ठामपणे सांगितलेही होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बौद्ध वस्तीतली एक अक्का माझ्याकडे आली. वय साठीच्या पुढे, चौथीपर्यंत शिकलेली, स्वतःची सही स्वतः करणारी. बागेच्या पलीकडे तिचे चार एकर रान. तिथे जाणारी एकच गाडीवाट, ती बागेच्या भिंतीतल्या खिंडीतून जाते. हैदराबादेहून नवाबाचा नातू आला होता आणि त्याने बागेभोवती तारेच्या कुंपणासाठी खांब रोवायला सुरुवात केली होती. कुंपण झाले की खिंड बंद. रानात तूर उभी होती, ती बाहेर कशी काढावी हा तिचा प्रश्न. डोक्यावरून किती वाहणार?

मी तिला दुसऱ्या दिवशी बोलावले आणि रात्री जागून मसुदा केला. राजघराण्याचा विषय पहिल्यांदाच हाती आलेला, तेव्हा भाषाही तशीच योजली. सकाळी तिला वाचून दाखवला: अर्जदाराचे आजोबा सदर बागेचे दारोगा होते, नवाबसाहेबांची त्यांच्यावर मेहेरनजर होती, सबब त्यांच्या परवानगीने अर्जदाराचे घराणे सदर वाटेने पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आले आहे.

तिने मान हलवली नाही.

"अण्णा, दारोगा कोन?"

"तुमचे आजोबा."

"आमचा आजा हाकेला जायचा. नवाब शिकारीला आला की हलगी बडवत रानातलं जनावर तेच्या बंदुकीम्होरं काढायचं. वेठीनं, फुकाट. तेला दारोगा कामून करायलाव?"

अर्जाला वजन यावे म्हणून, असे मी समजावले. त्यावर ती म्हणाली, वजनासाठी तराजूत दगड घालणारे बाजारात लई बघितलेत. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक हसला, ते मला आवडले नाही. पुढे तिने 'चरणी विनंती' हे शब्दही काढायला लावले. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात कोणी कोणाच्या चरणी जात नाही, असे तिचे म्हणणे. आणि शेवटी परवानगीवर बोट ठेवले.

"वाट आधी हुती. भिंत मागनं झाली. आमच्या बापानं सांगितलंय."

याला कागद काय, असे मी विचारले. कागद नव्हता. तिने पेनाला टोपण लावले, ते माझ्या टेबलावर ठेवले आणि खरे लिहा, मग सही करते, असे सांगून गेली.

दोन दिवसांनी नवाबाचा नातूच माझ्यापुढे उभा राहिला. माझ्या कल्पनेत शेरवानी होती. हे गृहस्थ हैदराबादेत शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, एका गुडघ्याला पट्टा, हातात स्टीलचा डबा. कन्नड येत नव्हते, सबब मोजणीचा अर्ज लिहून हवा होता. दुसऱ्या पक्षाचे काम माझ्याकडे आधी आले आहे, म्हणून तुमचे घेता येणार नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. येथे खरे तर बोलणे संपायला हवे होते. परंतु माझ्यातला जिज्ञासू गप्प बसेना. मी विचारले, साहेब, त्या दालनातल्या कड्या कशाच्या?

ते हसले. त्यांनाही नक्की आठवत नव्हते. मात्र घरात शिकारीच्या फोटोंचा एक जुना अल्बम होता, तो त्यांनी सोबत आणला होता. इतवारी बागेत या म्हणाले. माझी पक्षकारही येईल, असे मी सांगितले. त्यांनी सहज मान डोलावली. "उनकू भी लाव. बाग की बातां जाननेवाले अब कौन बचे?"

रविवारी मोटारीच्या बॉनेटवर अल्बम उघडला गेला. नवाबाचा पाय हरणावर, बाजूला टोपीवाला पाहुणा. पुढच्या पानावर ते दालन, आणि प्रत्येक कडीला एक शिकारी कुत्रा बांधलेला. चित्ते नव्हते, पडदे तर नव्हतेच. माझ्या मताविषयी तेथे कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

तिसऱ्या फोटोत शिकारीनंतरची सगळी मंडळी कोठीपुढे बसलेली होती आणि मागे उघड्या रानातून उघड्या अंगाची माणसे चालत येत होती. खाली उर्दूत एक ओळ होती. नातवाने ती बोटाने वाचली: नवाबाचे नाव, पाहुण्याचे नाव, मग पाच कुत्र्यांची नावे, आणि शेवटी 'हाकेवाले'.

अक्का फोटोवर वाकली. डावा कोपर वाकडा धरून हलगी घेतलेल्या एका माणसावर तिने नख टेकवले. झाडावरून पडून आजाचा कोपर वाकडा झाला होता, असे तिच्या बापाने सांगितलेले. तिने नख खालच्या उर्दू ओळीवर नेले. मग म्हणाली, "कुत्र्यांची नावं हायत."

नातवाने चष्मा काढून पुसला. त्यानंतर त्यांनी खिशातली पेन्सिल तिच्यापुढे धरली. उर्दू ओळ उजवीकडून येऊन मध्येच संपली होती. तिने डाव्या कडेपासून मराठीत, एकेक अक्षर जुळवीत, आजाचे नाव लिहिले.

मी मात्र फोटोतली माणसे सोडून त्यांच्या पायाखालची जमीन पाहत होतो. हाकेवाले जिथून येत होते ती वाट ठळक दिसत होती, थेट अक्काच्या रानापासून कोठीपर्यंत. तिच्या आजूबाजूला कुठेही भिंत नव्हती. मी नातवाला ते दाखवले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, समोरच्या खिंडीकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"दीवार तो बाद में अब्बा बनाए," ते म्हणाले. वाट तिथे होती, म्हणूनच वडिलांनी खिंड ठेवली असावी. तेवढी जागा सोडून कुंपण घालतो, काळजी करू नका, असा शब्द त्यांनी तिथल्या तिथे दिला.

"नवाबाचा शबुद नगं साहेब," अक्का म्हणाली. "कागद द्या."

ते मोकळेपणाने हसले आणि माझ्याकडे वळले. पिशवीतून कागद काढताना मी त्यांना माझ्या पहिल्या मसुद्याची हकीकत सांगितली. दारोगाचा परिच्छेद मला अजूनही भाषेच्या दृष्टीने उत्तम वाटतो. गणिताच्या मास्तरांनी तो ऐकून नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, तो अर्ज गेला असता तर त्यांना एवढेच उत्तर द्यावे लागले असते, की नोकर मालकाच्या परवानगीने चालतो आणि परवानगी मालक केव्हाही काढून घेतो. मी लिहिता लिहिता थांबलो. ज्या शब्दाने अक्काची बाजू भारी करायला निघालो होतो, त्यानेच तिची वाट गेली असती.

कागद बॉनेटवरच लिहिला. कन्नडात लिहून मराठीत वाचला, आणि नातवासाठी मोडक्यातोडक्या दख्खनीत. सदर वाट भिंतीच्या आधीची असून हाकेवाल्यांच्या येण्याजाण्याने पडली आहे; ती गाडीच्या रुंदीइतकी कायम मोकळी राहील. नातवाने सही केली. अक्काने मला तो पुन्हा एकदा वाचायला लावला. दुसऱ्या वाचनानंतर तिने मान हलवली, आणि मगच पेनाचे टोपण काढले.