बंदीच्या यादीतला लाडू

सुमनबाई पगारे गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीतली कुत्री फिरवायच्या. अंबडच्या कारखान्यात सतरा वर्षं स्विच जोडले, कारखाना बंद पडला, आणि धुणीभांडी काही करायची नाहीत हे त्यांनी ठरवून टाकलं. "कुत्र्यांची शी उचललेली बरी. कुत्रा टोमणे तरी मारत नाय," असं त्या सातपूरच्या शेजारणींना सांगत.

त्यांच्या पाच कुत्र्यांतला सगळ्यांत मोठा म्हणजे लाडू. पन्नास किलोंचा काळाकभिन्न रॉटवायलर. मालक शेखर भामरे. त्याच्या टाइल्सच्या शोरूममध्ये चोरी झाली, म्हणून त्याने हा कुत्रा आणला आणि वर्षभरात स्वतःच त्याला घाबरायला लागला. लाडूला घास भरवायच्या सुमनबाई, फिरवायच्या सुमनबाई. शेखर फक्त त्याचे फोटो टाकायचा.

मग दिल्लीहून धोकादायक कुत्र्यांच्या तेवीस जातींची यादी निघाली. पुढे ती कोर्टात अडकली, पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिला कोण अडवणार? त्यात लाडू एकदा लिफ्टमध्ये शिंकला. आत असलेल्या अंजली मॅडमनी त्याचं वर्णन 'हल्ला' असं केलं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली, सुमनबाईंनाही बोलावलं.

चेअरमन होते खंडेराव आहेर. देवळ्यातला कांद्याचा व्यापार मुलावर सोपवून नाशकात आलेले. इथे हुकूम सोडायला हमाल नव्हते, म्हणून सोसायटी चालवत.

"सुमनबाई, कुत्र्यांतलं तुम्हाला कळतं," ते म्हणाले. "जात बघून बाहेर काढायचं, असा ठराव आहे. तुमचं काय म्हणणं?"

"जात बघून बाहेर काढायचं, हे आमच्या लोकांना नवीन नाय, साहेब," सुमनबाई म्हणाल्या.

पार्किंगमध्ये सगळ्यांना एकदम आपापले मोबाइल आठवले. सुमनबाईंनी सलवार पोटरीपर्यंत वर केली.

"ही खूण लॅब्रॉडरची. ह्या दोन निकिताताईंच्या पॉमेरियनच्या. ही रस्त्यावरच्या कुत्र्याची, पण त्याची चूक नाय, मीच शेपटीवर पाय दिला."

"आणि लाडूची?"

"लाडू एकदाही चावला नाय." शेखर खुर्चीत ताठ झाला. "पण खरं सांगते. पॉमेरियन चावला तर इंजेक्शनं घेऊन मी दुसऱ्या दिवशी कामावर येते. लाडू चावला, तर सांगायला मी येईनच असं नाय."

ठराव पास झाला. चार दिवसांत शेखरने लाडूला गिरणारे गावाजवळ, मित्राच्या द्राक्षमळ्यात नेऊन बांधलं. जाताना सुमनबाईंना म्हणाला, "तुम्ही माझी बाजू घ्यायला हवी होती."

"तुमची बाजू होती कुठं? तुम्ही तर तोंडच उघडलं नाय."

बोलून गेल्या खऱ्या, पण लाडू डोक्यातून जाईना. तीन आठवड्यांनी त्यांनी सिटी बस पकडली आणि मळा गाठला. राखणदार मल्हारी लांबूनच भाकरी फेकत होता.

"बाई, जवळ नका जाऊ. राक्षस हाय तो."

तीन हात साखळी, खाली चिखल. सुमनबाईंना पाहताच लाडू असा झेपावला की खांब हलला. दोन वर्षं ज्याच्या कानातली घाण काढली, त्यालाच त्या आता घाबरल्या. त्या मागे सरल्या, द्राक्षांचा रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसल्या.

"चावला तर, असं म्हटलं होतं मी," त्या लाडूला म्हणाल्या. "चाव, असं नाय."

तासभर त्या त्याला शिव्या घालत राहिल्या. आवाज ऐकता ऐकता त्याचं भुंकणं उतरलं आणि शेवटी तो पंजावर डोकं टेकून पडला. तरी त्यांनी हात लावला नाही. तिथूनच शेखरला फोन केला.

"साहेब, कुत्रा बिघडायला लागलाय. उद्या मल्हारीला फाडलं, तर तो सोसायटीबाहेर मेला म्हणून बरं वाटेल का तुम्हाला?"

सोसायटीने हो म्हटलं तर परत आणतो, असं शेखर म्हणाला. मग त्या खंडेरावांकडे गेल्या. तोंडाला मुसकं, लिफ्ट बंद, आणि पट्टा मालकाच्या हातात, एवढ्या अटींवर लाडूला परत आणू द्या म्हणाल्या.

"आणि काही झालं तर?"

"तर बंदीच्या कागदावर पहिली सही माझी."

खंडेरावांनी अटी कागदावर उतरवून घेतल्या. तीन महिने बघू म्हणाले.

आणायच्या आधी पंधरा दिवस सुमनबाई शेखरला रोज सकाळी मळ्यावर नेत होत्या. पहिल्या दिवशी तो गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. दहाव्या दिवशी त्याने लाडूला मुसकं चढवलं.

आता रोज सहा वाजता चौथ्या मजल्यावरून धापा टाकत दोघं जिन्याने उतरतात. मागे सुमनबाई.

"पट्टा ढिला सोडू नका. आवळूही नका. आणि मोबाइल खिशात घाला."

शाळेच्या बससाठी थांबलेली पोरं लाडूला पाहून रस्त्यापलीकडे जातात. शेखरला ते लागतं. सुमनबाईंना मात्र त्यात पोरांचं काही चुकतंय असं वाटत नाही.