आतोबांच्या चालीतला खड्डा

आमच्या आतोबांइतकं भिकार क्लॅरिनेट वाजवणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तरुणपणी ते मुंबईत एका मोठ्या हॉटेलाच्या कोठीवर कामाला होते. तिथे साहेबलोकांसाठी गोव्याकडची मंडळी जाझ वाजवत, ते यांनी वर्षानुवर्षं दाराआडून ऐकलं. बाकीची माणसं मुंबईहून येताना ट्रंक आणतात, फार तर दमा आणतात. आतोबा एक जुनं क्लॅरिनेट आणि एक मत घेऊन नंदुरबारला परतले. मत असं, की माणसाच्या मनात जे खरं असतं ते तीन वाद्यांतून सांगता येतं, तोंडानं सांगता येत नाही. “शब्द खोटं बोलतस,” ते म्हणत, “फुकर खोटी बोलस नही.” त्यांची फुंकर खोटं बोलत नसेल, पण जे बोलायची ते ऐकवत नसे.

साथीला दोघं सापडले, हे त्या दोघांचं दुर्दैव. योसेफदादा नवापूरकडचे शेतकरी. रविवारी ख्रिस्ती देवळात पेटी वाजवत, त्यामुळे आतोबांची कुठलीही चाल त्यांच्या बोटांखाली गुडघे टेकून प्रार्थनेला बसे. बुधा लग्नाच्या बँडमधला ताशेवाला. मुंबईत काठ्यांऐवजी कुंचा फिरवतात म्हणून आतोबांनी आत्याची कोरी केरसुणी कापून त्याच्या हातात दिली. “लक्षुमी शे ती, तिले कापी टाकी तुम्ही!” म्हणून आत्यानं आठवडाभर अबोला धरला. आतोबांना तो शब्दांपेक्षा सुरेल वाटला. हे तिघं हिवाळ्यात ओट्यावर वाजवायला बसले की येणारेजाणारे डोळे पुसत. आतोबा मला कोपरानं ढोसून म्हणत, “दख, रडी ऱ्हायनात!” बाजारात मिरचीचे ढीग पडलेले असताना नंदुरबारात बैलसुद्धा रडतात, हे त्यांना कोण सांगणार? एकदा तर कुणी वारलं म्हणून ते दारावर भेटायला गेले, तेही वाद्यांसकट. घरच्यांना वाटलं, एखादी वरात चुकून आपल्याकडे आली. त्यांनी बिचाऱ्यांनी लग्नघरचा पत्ता सांगितला.

या सगळ्या छळात एक चाल त्यांची लाडकी होती. तिच्या मध्यावर तिघंही एकदम थांबत. मी त्याला खड्डा म्हणत असे, कारण ऐकणारा दर वेळी त्यात पडे. पण आतोबांची एकुलती एक लेक वच्छी घरात असली, की नेमकं त्या वेळी चुलीजवळून ती परातीवर बोटांनी ठेका देई, खड्डा बुजे आणि तिघं पुढे निघत. बापलेकींत बोलणं असं फारसं नव्हतंच. जे काय होतं ते या परातीवर.

पुढे वच्छीचं लग्न झालं, नवापूरच्या घरात. आमच्याकडे रीत अशी, की नवरीची बैलांची दमणी वेशीपार जाईपर्यंत वाजंत्र्यांनी श्वास घ्यायचा नाही. आतोबांनी चांगला बँड गप्प केला आणि पाठवणीला आपली लाडकी चाल सुरू केली. खड्डा आला. तिघं थांबले. वच्छीच्या एका हातात ओटी, दुसऱ्यात पदर, डोळ्यांना धार. ठेका कोण देणार? आतोबा तिच्याकडे बघत क्लॅरिनेट ओठांशी धरून उभेच राहिले. व्याही दमणीवरून खाली उतरले. “पोर गाडीमा बठनी नही आन् वाजं थांबनं? अपशकुन शे हाऊ! आते आखाजीले पोर मांगू नका!”

आणि खरंच धाडली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येऊन झोका घेते. आतोबांनी निंबाला बांधलेला झोका रिकामा हलत राहिला. आत्या म्हणाली, दोन शब्द बोलून माफी मागा. आतोबा नवापूरला गेले, व्याह्यांच्या ओसरीवर बसले, चहा प्याले, आणि ते दोन शब्द तसेच पोटात घेऊन परत आले. त्यानंतर त्यांनी क्लॅरिनेटला हात लावला नाही. गावाला बरं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं, पण ते घर फार भकास झालं.

पुढच्या आखाजीच्या थोडं आधी योसेफदादांनी निरोप आणला, की वच्छीच्या सासरची मंडळी लग्नाला दोंडाईच्याला निघालीत. नंदुरबारला इंजिन पाणी घेतं. आतोबांनी हातगाडीवर पेटी चढवली, बुधाला बँडमधून ओढून आणलं, आणि मला शोभा बघायला नेलं. गाडी आली. खिडकीत व्याही बसले होते, पलीकडे पदराआड वच्छी. आतोबांनी रामराम घातला नाही की काही नाही, सरळ चाल सुरू केली. नेहमीपेक्षा वाईट वाजवत होते. खड्डा आला. तिघं थांबले. फलाटावरचा पाणीवालासुद्धा थांबला. मला वाटलं, आता हा म्हातारा कायमचा मेला.

तेवढ्यात खिडकीआड पितळी डब्यावर बोटं वाजली. तोच ठेका. वच्छीनं पदर मागे टाकला होता आणि ती बापाकडे बघत होती.

व्याही एकदा सुनेकडे बघत होते, एकदा आतोबांकडे. गार्डानं शिट्टी दिली. तसे ते खिडकीतून निम्मे बाहेर आले आणि ओरडले, “आते थांबू नका! गाडी सिंगलपार जात नही तवलग वाजाडा! आन् आखाजीले झोका बांधा!”

आतोबा वाजवत गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत गेले. मी डोळे पुसले. मिरचीचा हंगाम तेव्हा केव्हाच संपला होता.

आतोबा जाऊन आता बराच काळ लोटला. वच्छी अजून आखाजीला येते. भाकरी थापता थापता ती चाल गुणगुणते, मध्यावर थांबते, आणि ठेका देत नाही. बापानं तिची वाट बघितली तशी ती बघत असेल. त्या वेळी आम्ही घरातले सगळे गप्प बसतो. इतकं भिकार वाजवणारा माणूस इतका आठवावा, हे मला अजिबात पटत नाही.