दाजींनी परत केलेली ढाल

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस रेवदंड्यापासून दिघीपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांच्या बाजूने बोलतो आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. होडी होती, संसार होता, पण ते खरे जगले हुतुतूसाठी. पुढे शहाण्या लोकांनी त्या खेळाला कबड्डी म्हणायला सुरुवात केली, तेव्हा दाजींनी ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. "आईचं नाव कोन बदलतं का?" एवढंच विचारायचे. तरुणपणी त्यांचा दम असा, की ते चढाईला गेले की बघणाऱ्या म्हाताऱ्यांनी विडी पेटवावी, ओढावी, विझवावी, तरी पलीकडे चार जणांच्या खाली दबलेल्या दाजींचं "हुतुतूतू" आपलं चालूच. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांचं ताईशी लग्न झालं. हळदीच्या संध्याकाळीच शेजारच्या गावाशी सामना होता. नवरदेव मांडवातून उठला आणि थेट मैदानात. समोरचे खेळाडू नुसते हसत होते, कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. दाजीच पंचाकडे गेले आणि म्हणाले, "माझ्या अंगाला हळदीचं तेल हाय. मी कुनाच्या हाताला लागायचो न्हाय. जरा थांबा." मग विहिरीवर जाऊन मातीने अंग घासलं, हळद उतरवली आणि खेळले. माझी आई पुढे दहा वर्षं त्यांना ऐकवत होती, "हळद धुतलेला जावई माझ्याच नशिबी व्हता!"

चार-पाच वर्षांनी एका पकडीत त्यांचा डावा गुडघा मोडला. खेळ सुटला, तेव्हा त्यांनी आमचा संघ ताब्यात घेतला आणि आम्हाला जगणं नकोसं केलं. भरतीच्या वेळी छातीभर पाण्यात चढाया करायला लावत. "पान्यात पळता आलं की वाळू म्हंजे पायघडी." सामन्याआधी तीन दिवस सुकट बंद, कारण खारट खाल्लं की तहान लागते आणि तहान लागली की दम तुटतो. कोळीवाड्यात सुकट बंद करणारा असा माणूस आधी झाला नाही, पुढेही होणार नाही. बायका दारात उभ्या राहून त्यांना शिव्या घालत आणि ते लंगडत पुढच्या घरातली चूल तपासायला जात. खिशात हळदीची डबी कायम. कुणाला खरचटलं की मैदानातच गुडघा टेकून हळद दाबायचे आणि ओरडलं तर वर एक चापट.

त्यांचा कायदा मात्र एकच होता. "शिवला तर हात वर कर आन् बाहेर जा. पंचाला डोळे दोन, तुला आख्खं अंग हाय." त्यांचे खेळाडू पंचाने सांगायची वाट बघत नसत, स्वतःहून बाहेर जात. हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक झालं होतं. वाद निघाला की समोरचा संघच म्हणे, "त्यांच्या दाजींना विचारा." आणि पंच विचारत.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. पुढे एका वर्षी शिमग्यानंतर खाडीपलीकडच्या गावाशी, त्यांच्याच मैदानात, ढालीच्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. ते गाव दाजींचं आजोळ. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस खेळाडू निवडायला आला होता. निवड म्हणजे गिरणीत नोकरी. मला त्या नोकरीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आम्ही एका गुणाने पुढे होतो, शेवटची चढाई त्यांची, आणि आमच्या बाजूला मी एकटा उरलो होतो. मी बाद म्हणजे संघ बाद, ढाल गेली. त्यांचा गडी परत फिरताना झेपावला आणि त्याची नखं माझ्या घोट्यात रुतली. मी पाय ओढून घेतला. तो "शिवलो! शिवलो!" म्हणून नाचू लागला. पंचाला दिसलं नव्हतं. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी लंगडत रेषेपर्यंत आले.

"शिवला का रं?"

"न्हाय," मी म्हणालो. पाय वाळूत खुपसून उभा होतो.

दाजी पंचाकडे वळले. "माझा गडी न्हाय बोलतोय. म्हंजे न्हाय."

ढाल आमची झाली. परत येताना होडीत चढायला पाण्यातून गेलो तर खारं पाणी झोंबलं आणि माझ्या तोंडून चुकून हाय निघाली. दाजींनी सवयीने डबी काढली, माझा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर नखांचे चार ताजे ओरखडे होते. त्यांनी हळद दाबली, चिंधी बांधली.

"वाळूनं सोललं असंल," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी मला खरं बोलायची दुसरी संधी दिली होती, हे मला त्या रात्री अंथरुणात कळलं.

सकाळी दाजी एकटेच होडी घेऊन खाडीपलीकडे गेले आणि ढाल त्या गावाला देऊन आले. दुसऱ्या दिवशी गावकी बसली. पाटील तावातावाने म्हणाला, "कुनाला विचारून दिलीस? आजोळचा पुळका आला व्हय?"

"चूक माझी हाय. मला दिसलं न्हाय. मी पंचाला खोटं बोललो."

"आता गुडघ्याबरोबर डोळं पन गेलं काय?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले.

दाजींनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खांबाला टेकून उभा होतो, पाच हातांवर. एक शब्द बोलायचा होता. गिरणीवाल्याने आदल्याच दिवशी होकार कळवला होता. मी बोललो नाही. दाजींनी यापुढे संघाच्या वाटेला जायचं नाही, असं ठरलं. ते उठले, पाटलाला हात जोडले आणि गेले. दोन दिवसांनी मी लाँचने मुंबईला गेलो. नोकरी लागली, खोली मिळाली, लग्न झालं. बारा वर्षं मी त्या "न्हाय"वर जेवतो आहे.

परवाच्या शिमग्याला गावी गेलो. दाजी उलट्या होडीवर बसून जाळं विणत होते, मैदानाकडे पाठ करून. मी जवळ जाऊन उभा राहिलो. दर सुट्टीत तोंडाशी येऊन परत गेलेलं वाक्य या वेळी निघालं.

"दाजी, त्या दिवशी तो मला शिवला व्हता."

"व्हय." हातातली सुई थांबली नाही.

"मी आज गावकीत सांगतो."

"कुनाला सांगशील? पाटील गेला. त्याच्या मागं तिघं गेलं. आता बसतात त्यांना ढाल कसली ते पन ठावं न्हाय." त्यांनी जाळ्याची एक गाठ आवळली. मग हळूच म्हणाले, "तवा सांगायचं व्हतंस, पोरा. तवा मला पायजे व्हतं."

ते थोडे सरकले आणि मला बसायला जागा केली. मी बसलो. आमच्या पाठीमागे नव्या पोरांचा सामना रंगला होता. आरडाओरडा उठला की दाजींचा हात जाळ्यावर थांबायचा, आणि आवाज निवला की सुई पुन्हा चालू व्हायची. मान मात्र एकदाही वळली नाही. मीही मागे वळून पाहिलं नाही.