कांद्याचा गाभा

आमच्या मोठ्या मावसाजींनी नुसत्या जेवण्यानं जितकी माणसं दचकवली आहेत, तितकी भुतांनीही दचकवली नसतील. चांदूर बाजारजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा. आवाज तीन शेतांचे धुरे-बांध ओलांडून जाणारा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक कांदा. ताट पुढे आलं की तो काढून समोर ठेवायचा आणि असा बुक्का हाणायचा की शेजारच्याच्या हातातला पेला सुटावा. मग आतला गोड गाभा लेकीला, म्हणजे स्वातीला, द्यायचा आणि तिखट पाकळ्या स्वतः खायच्या, हा नेम ती लहान असल्यापासूनचा.

ही स्वाती पुण्यात नोकरीला. तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं, याचा धक्का आम्हा सगळ्यांना बसला, मावसाजींना नाही. त्यांना धक्का बसला तो तिच्या फोनचा. मुलाचे आईवडील भेटायला अमरावतीला येणार होते, भेट एका कॅफेत ठरली होती, आणि ती म्हणाली, "बाबा, तेवढा कांदा नका आणू." मावसाजींनी दोन दिवस जेवणात कांदा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, अमरावतीच्या बाजारात भाजी उतरवून ते थेट माझ्या ऑफिसात हजर! "अबे, त्या कॅफेत कसं खातेत, मले शिकव. पोरीले खाली पाहाची पाळी नाही आली पायजे."

मग दर गुरुवारी आम्ही कॅफे पालथी घालू लागलो. आपल्या अमरावतीत इतकी कॅफे आहेत, हे मला इथं जन्म काढूनही ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी कॉफीच्या फेसावर दुधाचा बदाम काढलेला आला, तेव्हा मावसाजी खुर्चीसकट मागे सरकले. "पोरी, माह्यं लगन झालं हाय," ते आणणाऱ्या मुलीला कळवळून म्हणाले. दुसरीकडे कोरियन शेवया दोन काड्यांनी खायच्या होत्या. त्यांनी एक काडी आधी कानात घालून पाहिली, आणि मी डोळे मिटून घेतले. तिसरीकडे एक मुलगा लॅपटॉपसमोर एकटाच सँडविच खात होता. "हा एकटा कावून जेवून राहिला? याले कोणी नाही काय?" असं म्हणत मावसाजी आपली बशी घेऊन त्याच्या टेबलावर जाऊन बसले. पोरगा आधी भ्यायला, पण मग आईशी झालेलं अख्खं भांडण त्यानं त्यांना सांगून टाकलं. हळूहळू मात्र माणूस बदलत गेला. काटा डाव्या हातात आला, आवाज खाली उतरला, ढेकर बंद झाला. मला तर भीतीच वाटू लागली.

भेटीच्या दिवशी मी पाहतच राहिलो. सदऱ्याला इस्त्री, खिसा रिकामा. मुलाचे आईवडील साधी, हसरी माणसं होती. मावसाजी पिझ्झा काट्या-सुरीनं, तोंड मिटून खात होते आणि विचारलं तरच बोलत होते. "छान आहे," असं ते म्हणाले तेव्हा स्वातीनं दचकून वर पाहिलं. घरात कोणी वारलं तेव्हासुद्धा इतका गप्प बाप तिनं पाहिला नव्हता. मग तिनं पर्स उघडली आणि त्यातून एक कांदा काढून त्यांच्यापुढे ठेवला. सकाळी त्यांचा रिकामा खिसा पाहून तिनंच तो घरून उचलला होता.

"फोडा, बाबा."

"नको वं. लोकं पायतेत."

"पाहू द्या."

बुक्का बसला. कपबशा नाचल्या, कॉफीवाली मुलगी किंचाळली, होणाऱ्या सासूबाईंनी छातीला हात लावला. मावसाजींनी गाभा लेकीच्या बशीत ठेवला, आणि सासूबाईंनी हळूच एक पाकळी मागून घेतली. लग्न खरं तिथंच पक्कं झालं, असं मी मानतो.

आता स्वाती तिकडे तिच्या संसारात. शिकायचं काही उरलं नाही, तरी आमचा गुरुवार चालूच आहे. परवा मावसाजींनी कांदा फोडला, गाभा काढला आणि सवयीनं समोर धरला. समोर मी होतो. क्षणभर तेच दचकले, पण हात मागे घेतला नाही.

"घे, खाय," ते म्हणाले. "गोड असते."

लहानपणापासून मी त्या गाभ्याकडे आशेनं बघत आलो होतो. हातात आला तेव्हा, स्वातीचा वाटा म्हणून, मला तो नकोसा झाला. तरी खाल्ला.