खो-खोच्या मैदानावर गोल्फ

खो-खोचे दोन्ही खुंट उपटले तेव्हा मी स्टाफरूममध्ये निकालपत्रकं भरत बसले होते, म्हणून त्या जेसीबीवाल्याचं भलं झालं. समोर असते तर त्याला उभा-आडवा झाडला असता. बाहेर आले तोवर खड्डेसुद्धा बुजवून झाले होते. माणूस बिचारा माझ्याकडेच पाणी मागायला आला. दिलं मी.

कोराडी रोडवरच्या आमच्या शाळेत मी पी.टी.ची मॅडम. शाळा काढणाऱ्या जुन्या सरांनी मला घेतलं तेच खो-खोसाठी. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोट्ट्या मी तयार केल्या. त्यातल्या काही आज पोलिसात आहेत, सिग्नलवर दिसल्या की भर रस्त्यात पाया पडतात. जुने सर गेले आणि त्यांचा मुलगा डायरेक्टर झाला. त्याने एप्रिलच्या मीटिंगमध्ये सांगितलं की जूनपासून आपल्याकडे गोल्फ. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, सुट्टीत शिकून घ्या. जूनमध्ये पाहू तुमचं कसं करायचं ते."

तुमचं कसं करायचं म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. दर जूनला माझी ऑर्डर नव्याने निघते; पर्मनंट मला कोणी कधी केलंच नाही. यांचं गांधीबागेतलं कापडाचं दुकान बंद पडलं, म्हणजे यांचं नाही, मालकाचं. हे तिथे सेल्समन होते. तेव्हापासून हे घरी. मुलगी नर्सिंगला. या वयात मला दुसरी शाळा कोण देणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी म्हटलं, शिकते.

कोच पुण्याचा होता, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. बोलायला गोड, टोपी उलटी घालायचा. नागपूरचा मे महिना, त्यामुळे सकाळी सहालाच सुरू करायचो. नऊनंतर मैदानावर उभं राहणं म्हणजे पापड होणं. माळ्याने आधी पाइप लावून नवी अंथरलेली हिरवळ धुतलेली असायची, कारण रात्रभर वीज केंद्राची राख पडते आणि पांढरा चेंडू तिच्यावरून गेला की उंदरासारखा दिसतो.

पहिल्या दिवशी पट. म्हणजे चेंडू जमिनीवरूनच हळू सरकवत भोकात घालायचा. मला वाटलं, हॅ, या तर गोट्याच. थोड्या वेळात जमायलाही लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, मी त्या पोराला म्हणून बसले, "एवढंच आहे का तुमचं गोल्फ?"

तो हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला चिप दाखवली. भोकापासून थोडं लांब उभं राहायचं, चेंडू जरासा उचलायचा, बाकी त्याचा त्याने घरंगळत जायचं. पिच म्हणजे तोच चेंडू उंच चढवायचा आणि अलगद उतरवायचा. बघायला हे सगळं इतकं सोपं की माझी चिडचिड व्हायची. मी मारलं की क्लब, म्हणजे गोल्फची ती काठी, कधी चेंडूच्या डोक्यावर बसायचा, कधी मागच्या मातीत.

"मॅडम, तुम्ही मान वर करता," कोच म्हणाला. "चेंडू कुठे गेला ते बघू नका. तो होता तिथेच बघत राहा."

आता याला काय सांगू? अख्खा जन्म मी पोरींना एकच शिकवलं: नजर सुटली की गडी सुटला. खो-खोत पाठलाग करणारीने पळणारीवरून डोळा काढायचा नाही, जमीन गेली खड्ड्यात. माझे पाय थकले असतील, डोळे नाही थकले. क्लब अजून वरच असायचा आणि डोळे पुढे धावून चेंडूला शोधायला लागायचे. जे हलतं त्याच्या मागे जाणार नाहीत तर ते माझे डोळे कसले? चूक कळून राहिली होती, सुटून राहिली नव्हती. रोज नवी चूक असती तर काही तरी शिकते आहे असं वाटलं असतं.

एक दिवस त्याने क्लबची मूठ माझ्या डोक्यावर टेकवली. डोकं हललं तर मला कळावं म्हणून. माझं डोकंच सणकलं. "सासूनंसुद्धा माझ्या डोक्याले हात लावला नाही गा," मी म्हटलं, "आन् तू दांडा ठेवून राहिला?" पोरगा घाबरून चार पावलं मागे गेला. मग मलाच वाईट वाटलं. मीच म्हटलं, "ठेव बाप्पा, ठेव. जे करायचं ते कर."

घरी गच्चीवर मी लिंबं ठेवून जुन्या क्रिकेट स्टंपने सराव करायचे. हे एका संध्याकाळी वर आले, थोडा वेळ बघत राहिले.

"काहून वं, त्या लिंबाच्या मागं पळून राहिली?"

"मी पळत नाही, डोळे पळतात."

"आमचे बाबा उमरेडला मागावर बसत, त सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याकडे कधी पाहत नव्हते," हे म्हणाले. "धोटा जाते आपल्या वाटेनं. त्यायची नजर विणलेल्या कापडावर. धोट्याकडे पाहशीन त सूत तुटते."

बाबांचा माग कधीच मोडीत गेला होता आणि यांना विणकाम येत नव्हतं, तरी किती दिवसांनी हा माणूस मला काही समजावून सांगत होता. म्हणून ऐकून घेतलं. गंमत म्हणजे त्याचा उपयोग झाला. लिंबू गेलं, मी रिकामी फरशी बघत राहिले. फार बेचैन वाटलं, कोणी घरातून उठून गेलं आणि आपण विचारलंही नाही तसं. पण लिंबू सरळ गेलं होतं.

त्यानंतर चिप बसली. पिच दहात पाच-सहा. गोल्फमध्ये मुद्दाम वाळूचे खड्डे ठेवतात; त्यातला चेंडू काढताना चेंडूला मारायचंच नाही, त्याच्या मागच्या वाळूला मारायचं, हे ऐकून मी कपाळावर हात मारला होता, पण तेही आलं. ड्राइव्ह मात्र, तो सगळ्यांत लांबचा फटका, शेवटपर्यंत माझ्या हाताबाहेरच. उजवीकडे कुंपणात जायचा. मला खरं सांगायचं तर आशा वाटायला लागली होती. तीच वाईट.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी डायरेक्टर सरांनी बोलावलं. मैदानावरच खुर्ची टाकून बसले, शेजारी कोच. मी पट केला, चिप केली, पिच केला, वाळू उडवली. शेवटी ड्राइव्ह. मारला आणि गवतातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, इतका वेळ की कोचने टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं, सरळ गेला.

"बढिया, मॅडम, बहोत बढिया," डायरेक्टर म्हणाले, आणि खरंच खूश दिसत होते. "मला हेच पाहिजे होतं. आता हे सर आपल्याकडे फुलटाइम येतील, स्पोर्ट्सची पोस्ट त्यांची. पण मुलांना क्लब काढून द्यायला, बॉल गोळा करायला यातलं थोडं समजणारं माणूस लागते. बाहेरचा आणला तर त्याला कोण शिकवत बसणार? पगार तेवढा नाही राहणार. पण तुम्ही घरच्याच आहात."

मी कोचकडे वळले. "तुला माहीत होतं?"

त्याने टोपी काढली. "मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं, मॅडम. मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही इतक्या मन लावून शिकत होता म्हणून..."

मला भयंकर राग आला. बोलायचं सगळं तोंडात तयार होतं. जुन्या सरांचं नाव काढणार होते, सिग्नलवरच्या पोरींचं काढणार होते. माझं तोंड अख्ख्या शाळेला माहीत आहे. डायरेक्टरसुद्धा खुर्चीत थोडे मागे सरकले होते. मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी जुलैत भरायची होती.

"हो सर," मी म्हटलं. "सकाळी किती वाजता येऊ?"